अडीच फुटी रुळांवरून आकाशगंगेकडे

मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळास येणाऱ्या लोहमार्गाच्या दोन रुळांमध्ये अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचे, अंतर होते. आणि जपानच्या ईशान्य भागातील इवाते प्रांतात, हानामाकी या गावापासून सेन्निन खिंडीच्या पायथ्यापर्यंत, १९१३ ते १९१५ या अवधीत टप्प्याटप्प्याने जी लहानशी आगगाडी सुरू झाली, तिच्याही रुळांमध्ये नेमके तेवढेच अंतर होते. दोन्ही मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभकाळातले, दोन्ही खासगी कंपन्यांनी घातलेले, आणि दोन्ही शेतीवर जगणाऱ्या व पावसापाण्याच्या लहरीने हैराण होणाऱ्या मुलखातून जाणारे. वऱ्हाडातल्या गाडीने कापूस वाहिला. इवातेतल्या गाडीने डोंगरापलीकडच्या कामाइशी बंदराची वाट हानामाकीकरांना जवळ आणून दिली, आणि खिंडीपाशी रूळ संपले की उतारू उरलेली चढण पायीच ओलांडीत. येथवर या दोन गाड्यांचे प्राक्तन सारखे आहे. पुढे इवातेची गाडी एका शेतकी शिक्षकाच्या लेखणीतून थेट आकाशात गेली आणि अर्ध्या शतकाने चित्रपटाच्या पडद्यावर उतरली; यवतमाळच्या गाडीच्या वाट्याला मुख्यतः वर्तमानपत्रांतल्या बातम्या, लोकप्रतिनिधींची निवेदने आणि हौशी प्रवाशांची छायाचित्रे आली. जपानी अ‍ॅनिमेशनपटांत आगगाडी, तिचे स्थानक, तिचे फाटक आणि तिच्या खिडकीबाहेरचा मुलूख पुनःपुन्हा का येतो, या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्यात बसून करावासा वाटतो तो या साम्यामुळे.

त्या शेतकी शिक्षकाचे नाव केंजी मियाझावा. १८९६ साली जन्मलेल्या या कवीने १९२१ ते १९२६ पर्यंत हानामाकीच्या शेतकी शाळेत अध्यापन केले. मृदाशास्त्र हा त्याचा अभ्यासाचा विषय होता, आणि नोकरी सोडल्यावर तो स्वतः जमीन कसू लागला व कोणत्या वावरात कोणते खत किती घालावे याचा सल्ला आसपासच्या शेतकऱ्यांना मोबदला न घेता देऊ लागला. कारण ज्या वर्षी उन्हाळा थंड जाई त्या वर्षी इवातेत भात भरत नसे आणि घरोघर उपासमार सुरू होई, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. १९२२ च्या नोव्हेंबरात त्याची बहीण तोशी अकाली वारली. पुढल्या उन्हाळ्यात तो आगगाडीने आणि बोटीने उत्तरेकडे थेट साखालीन बेटापर्यंत जाऊन आला, आणि त्या प्रवासातले दुःख, लहानपणापासूनचे नक्षत्रांचे वेड व ज्या छोट्या गाडीवर त्याने कविताही केल्या होत्या ती इवातेची गाडी, या साऱ्यांतून आकाशगंगेच्या काठाने धावणाऱ्या एका आगगाडीची कथा हळूहळू आकारास आली. तिच्यावर तो अखेरपर्यंत हात फिरवीत राहिला. १९३३ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले आणि पुढल्या वर्षी ती कथा छापली गेली.

कथेतला जोव्हान्नी हा गरीब मुलगा छापखान्यात खिळे वेचून चार पैसे मिळवतो. बाप परगावी गेलेला, आई आजारी. सणाच्या रात्री टेकडीवर एकटा पडला असता तो अकस्मात एका गाडीच्या डब्यात आपला मित्र काम्पानेल्ला याच्यासमोर बसलेला असतो, आणि बाहेर तारकांचा प्रवाह वाहत असतो. वाटेत उतारू चढतात आणि उतरतात. कोण कोठे उतरतो यावरून तो जिवंत की मृत हे वाचकाला उमगत जाते. आणि जोव्हान्नीला शेवटी कळते की समोर बसलेला मित्र त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका मुलाला वाचवताना नदीत बुडाला होता. दिग्दर्शक गिसाबुरो सुगिई यांनी १९८५ साली या कथेचा अ‍ॅनिमेशनपट केला तेव्हा दोन्ही मुले मांजरांच्या रूपात रंगवली, आणि चित्रपटाची गती इतकी संथ ठेवली की डब्यातल्या लाकडी बाकाची धार, खिडकीची चौकट, दिव्याचा पिवळा उजेड यांवर प्रेक्षकाची नजर स्थिरावावी. मृत्यूसारखा विषय मुलांपुढे मांडायचा आणि त्यांना घाबरवायचे नाही, हे अवघड कार्य त्या अडीच फुटी गाडीच्या डब्याने साधून दिले, असे माझे मत आहे.

आता आगगाडी अशी पुनःपुन्हा का येते, याच्या कारणांकडे वळावे. त्यांतले एक कारण अगदी व्यवहाराचे आहे आणि ते सांगितल्याने कलेचे मोल कमी होत नाही. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढायचे म्हटले तर मनुष्यबळ आणि पैसा दोन्ही अपुरे पडतात. १९६३ साली ओसामू तेझुका यांनी दूरचित्रवाणीसाठी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हापासून एकच चित्र तीन चौकटींपुरते टिकवण्याची, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांवर भागवण्याची, वहिवाट जपानात रुळली. आणि जेथे पात्र स्तब्ध बसून राहू शकेल असे प्रसंग चित्रकारांना हवेसे झाले. आगगाडीच्या डब्यात बसलेले माणूस हलत नाही, आणि तरीही सारे दृश्य चालते असते. खिडकीपलीकडे एक लांबच लांब रंगवलेले पार्श्वचित्र सरकवले, त्याच्या अलीकडे तारेचे खांब थोड्या अधिक वेगाने सरकवले, की गाडी धावू लागते. आणि वाचलेले श्रम त्या पार्श्वचित्रातील मेघ, पाणी, गवत यांच्यावर खर्च करता येतात. काटकसरीतून सुरू झालेल्या या युक्तीने पुढे निसर्गचित्रणाचे एक शास्त्रच निर्माण केले.

दुसरे कारण समाजजीवनातले आहे. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली, जपानात शिंबाशी ते योकोहामा हा पहिला मार्ग १८७२ साली उघडला. म्हणजे आपण एकोणीस वर्षांनी वडील. परंतु तेथे लोहमार्ग लहान लहान गावांपर्यंत पोहोचले, शाळकरी मुले मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय रोज गाडीने शाळेत जाऊ लागली, आणि एकटे असण्याचा, मोठे होण्याचा पहिला अनुभव पुष्कळ मुलांना गाडीच्या डब्यातच आला.

हायाओ मियाझाकी यांच्या २००१ सालच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटाचे मर्म येथे आहे. दहा वर्षांची चिहिरो देवतांच्या आणि भुताखेतांच्या एका स्नानगृहात अडकली आहे; आईबापांचे डुकरांत रूपांतर झाले आहे; आणि आपल्या सहकाऱ्याचे प्राण वाचावेत म्हणून तिला सहाव्या स्थानकावर राहणाऱ्या एका चेटकिणीकडे जायचे आहे. भट्टीवरचा म्हातारा कामाजी तिला जपून ठेवलेली जुनी तिकिटे काढून देतो आणि बजावतो की पूर्वी परतीची गाडी असे, आता ती फक्त जाते. पाऊस होऊन गेल्यामुळे समुद्रासारखे पाणी पसरलेले असते आणि रूळ त्या पाण्याखाली बोट-दोन बोटे बुडालेले असतात; गाडी येते, चिहिरो बसते, आणि त्यानंतर काही मिनिटे चित्रपटात सांगण्यासारखे काहीच घडत नाही. काळसर, पारदर्शक उतारू आपापले बोचके उचलून एकेका स्थानकावर उतरतात, पाण्यातल्या एका इवल्याशा बेटावर एकच घर दिसते, एका फलाटावर एक लहान मुलगी उभी दिसते, संध्याकाळ होते, खिडकीच्या काचेत दिवे उमटतात. जो हिसाइशी यांचे पियानोवरचे मंद सूर सोडले तर सारे निःशब्द आहे. इतर कोणत्याही देशातल्या व्यावसायिक निर्मात्याने हा भाग कापण्याचा आग्रह धरला असता. मियाझाकी यांनी मात्र एका मुलाखतीत असे सांगितले आहे की चिहिरो एकटी गाडीत बसते तेथेच आपल्या दृष्टीने हा चित्रपट पूर्ण होतो. आणि ज्याने लहानपणी पहिल्यांदा एकट्याने गाडीचा प्रवास केला असेल, तिकीट मुठीत घट्ट धरून प्रत्येक स्थानकाचे नाव वाचले असेल, त्याला त्यांचे म्हणणे पटल्यावाचून राहणार नाही.

इसाओ ताकाहाता यांचा १९९१ सालचा ‘ओन्ली येस्टरडे’ हा चित्रपट आमच्या भागातल्या वाचकाला याहूनही जवळचा वाटेल, कारण त्यातली नायिका ताएको तोक्योतल्या कचेरीतून रजा घेऊन रात्रीच्या गाडीने यामागाता प्रांतात जाते ती करडईच्या शेतावर राबायला. करडई आपल्याकडे तेलासाठी पेरतात आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. यामागातात तिच्या फुलांपासून लाल रंग काढतात, आणि काटे दवाने मऊ असतात तोवर, म्हणजे पहाटेच, ती फुले खुडावी लागतात. रात्रीच्या त्या गाडीत सत्तावीस वर्षांच्या ताएकोबरोबर तिचे पाचवीतले बालपण येऊन बसते, शाळासोबती डब्याच्या बोळातून धावू लागतात, आणि भूत व वर्तमान एकाच छताखाली प्रवास करतात. चित्रपटाच्या अखेरीस ताकासे नावाच्या लहानशा खऱ्याखुऱ्या स्थानकावरून ती परत निघते, पुढल्या स्थानकावर उतरते आणि उलट्या गाडीने मागे येते. जी गोष्ट सांगायला कादंबरीकाराला एक प्रकरण लागले असते ती येथे दोन गाड्यांच्या अदलाबदलीने, एकही वाक्य न उच्चारता, सांगितली जाते.

माकोतो शिंकाई हे त्यांच्या पुढच्या पिढीचे. त्यांच्या २००७ सालच्या ‘फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंड’ या चित्रपटाच्या पहिल्या भागात तेरा वर्षांचा ताकाकी आपल्या मैत्रिणीला भेटण्यासाठी तोक्योहून गाड्या बदलत बदलत इवाफुने या आडगावच्या स्थानकाकडे निघतो आणि बर्फवृष्टीमुळे प्रत्येक गाडी उशिरा धावते. गाडी रानात थांबून राहते. घड्याळ पुढे सरकते. दार उघडे राहून गारठा आत शिरतो. आणि ज्या भेटीची वेळ संध्याकाळची ठरली होती ती रात्री उशिरा, प्रतीक्षालयातल्या शेगडीपाशी होते. विदर्भातल्या प्रवाशाला गाडीचा उशीर नवा नाही. परंतु उशीर हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, त्यात एका मुलाच्या मनाची सारी उलाढाल मावू शकते, हे आपल्या दिग्दर्शकांच्या फारसे ध्यानी आलेले दिसत नाही. याच चित्रपटाचा शेवट एका फाटकावर होतो: पलीकडे गेलेली स्त्री वळून पाहील काय, हे कळण्याआधीच दोन्ही बाजूंनी गाड्या येतात.

बाकीच्या उदाहरणांचा नुसता निर्देश पुरे. लेइजी मात्सुमोतो यांच्या ‘गॅलक्सी एक्स्प्रेस ९९९’ ने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मियाझावाच्या कल्पनेला वाफेच्या प्रचंड इंजिनाचे रूप दिले. २०२० सालचा ‘डेमन स्लेयर: मुगेन ट्रेन’ जवळजवळ सगळा आगगाडीतच घडतो, आणि उत्पन्नाच्या बाबतीत जपानमध्ये त्याने ‘स्पिरिटेड अवे’लाही मागे टाकले. कामाकुराजवळची एनोदेन ही अवघ्या दहा किलोमीटरांची गाडी ‘स्लॅम डंक’ या मालिकेच्या आरंभदृश्यात समुद्रकाठच्या फाटकावर दिसते, आणि त्या फाटकावर आता परदेशांतून इतके लोक येतात की स्थानिकांना त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

यांतल्या पुष्कळांत एक गुण समान आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो: अचूकपणा. स्थानकाचे नाव खरे, फलाटाची उंची खरी, तारांची गुंतागुंत खरी, गंजाचा रंगही खरा. चित्रकार जागेवर जातात, छायाचित्रे घेतात, टिपणे करतात, आणि मगच कल्पनेला मोकळीक देतात. म्हणून पाण्यावरून जाणारी गाडीसुद्धा खरी वाटते.

आता आमच्या गाडीकडे. लोकांनी जिला प्रेमाने शकुंतला म्हटले ती गाडी किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० साली उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूस मूर्तिजापूर ते अचलपूर सुमारे ७६; यवतमाळच्या काळ्या जमिनीतला कापूस मूर्तिजापुरास मोठ्या मार्गावर चढवून मुंबईस आणि तेथून मँचेस्टरला पाठवणे हा तिचा मूळ हेतू. १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून चालू झाले ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत; म्हणजे ज्या गिरण्यांसाठी ते आणले त्या गिरण्यांचे वैभव आटोपल्यानंतरही ते कित्येक दशके धावत राहिले. १९५१ च्या सुमारास देशातल्या बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारजमा होऊन नवी विभागरचना झाली, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि मध्य रेल्वे करारनाम्याने गाडी चालवीत राहिली. कराराची मुदत संपे, पुन्हा वाढे, आणि रुळांच्या डागडुजीचा प्रश्न दप्तरातल्या दप्तरात फिरत राही. अखेरच्या काळात वाटेवरच्या बहुतेक स्थानकांवर माणूस उरला नव्हता. तिकीट देण्यापासून सिग्नलपर्यंतची कामे गाडीबरोबरच्या गार्डलाच पार पाडावी लागत. गाडीचा वेग इतका मंद की पऱ्हाटीचे एकेक बोंड दिसावे. या शतकाच्या दुसऱ्या दशकात दोन्ही बाजूंची वाहतूक एकामागून एक थांबली, आणि मोठ्या मापाच्या रुळांची मागणी होत राहिली.

मंद गाडी, निर्मनुष्य स्थानक, एकच गार्ड, पुठ्ठ्याचे तिकीट, पांढऱ्या बोंडांनी भरलेली वावरे, धुऱ्यावरचा पळस, कारंज्यातल्या आणि दारव्ह्यातल्या जिनांकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या: जपानी चित्रकार ज्या सामग्रीसाठी आडगावांतून हिंडतात ती सारी येथे शंभर वर्षे उघड्यावर पडून होती. कोणी म्हणेल की ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्याच्या कर्जामुळे आणि आत्महत्यांमुळे देशभर झाले, तेथे गाडीची चित्रे काढीत बसणे ही चैन आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि म्हणूनच मियाझावाचे चरित्र वर थोडे विस्ताराने दिले. त्याचा इवाते सुखी नव्हता. दिवसा खतांचे हिशेब मांडणारा जो माणूस रात्री आकाशगंगेची गाडी लिहीत बसे, त्याच्या लेखी ही दोन कामे परस्परविरोधी नव्हती. छापखान्यात खिळे वेचणारा उपाशी मुलगा त्या गाडीत बसतो आणि त्याच्या खिशातून निघते ते कोठेही जाण्याची मुभा असलेले तिकीट. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलाला, सालदाराच्या मुलीला असे तिकीट कोणी चित्रातून देऊ केले तर ती चैन खचित नव्हे.

इवातेची ती लहान गाडी १९३६ साली जपान सरकारने ताब्यात घेतली, तिचे रूळ १०६७ मिलिमीटरांचे केले, १९५० पर्यंत खिंडीचा अडसरही दूर झाला, आणि आज कामाइशी मार्ग म्हणून तीच वाट चालू आहे. तिच्यावरचा एक कमानींचा पूल पाहायला लोक मियाझावाच्या कथेसाठी जातात. म्हणजे मापबदल झाल्याने आठवण पुसली गेली असे नाही; कथा आधी लिहिली गेली होती, एवढेच. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या कोळसापट्ट्यातून मोठ्या मापाची गाडी जातेच. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरांच्या नव्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, आणि पुढचा मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जाणार आहे. म्हणजे दारव्ह्याला नवे रूळ जुन्या गाडीच्याच गावात येऊन पोहोचतील, आणि नव्या स्थानकाच्या बांधकामात जुन्या खुणा किती राहतील याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. ज्यांनी ही गाडी चालवली, जे तिच्यावर तिकिटे फाडीत, ज्यांच्या जिनातल्या रुईच्या गाठी तिच्यावर चढल्या, ज्या मुली तिच्यातून शाळेत गेल्या, अशी माणसे अजून हयात आहेत. शिट्टी किती लांब असे, डब्यातला बाक किती उंच, पावसाळ्यात गाडी कोठे अडे, गार्ड कोणत्या गावी चहा घेई, हे त्यांना विचारून लिहून घेण्याचे आणि स्थानकांची मापे कागदावर उतरवण्याचे काम यवतमाळ, दारव्हा आणि कारंजा येथील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना वेचणीच्या याच हंगामात हाती घेता येईल. त्याला लागते ती एक वही, एक मोजपट्टी आणि दारव्ह्यापर्यंतचे बसभाडे.